पुरातत्त्वाच्या पदवीच्या अटी बदलताना : समितीवर पहिल्यांदाच बसणाऱ्यांसाठी

विभागाच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, "पदवीच्या अटी एकदा नीट बघायला हव्यात." सगळे माना डोलावतात आणि काम सर्वांत नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. तो नवा माणूस तुम्ही असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

मी हे काम दोनदा केलं आहे. पहिल्यांदा वाईट, दुसऱ्यांदा बरं. पहिल्या खेपेला आम्ही "पुरातत्त्वाच्या पदवीधराला काय काय यायला हवं?" असं विचारत बसलो. प्रश्न मोठा मोहक, पण त्याचं उत्तर कधी संपत नाही. खापरं आलीच पाहिजेत, हाडं आली पाहिजेत, मग लिपी, नाणी, परागकण, संख्याशास्त्र, जीआयएस (नकाशांवर माहिती मांडायची संगणकीय पद्धत), कायदा, संग्रहालय. यादी वाढत गेली आणि तीन वर्षांची पदवी पाच वर्षांची व्हायला आली. दुसऱ्या खेपेला प्रश्न बदलला : "या अटीमुळे कोण अडकतं, आणि त्याला अडकवण्याइतकी ती मोलाची आहे का?" काम तिथून सुटायला लागलं.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

पदवीची अट, विषयाची पूर्वअट आणि विषयातला मजकूर. "पर्यावरणीय पुरातत्त्व सक्तीचं" ही पदवीची अट. "त्याआधी क्षेत्रपद्धतींचा विषय उत्तीर्ण हवा" ही पूर्वअट. "त्यात परागकण शिकवायचे की जळके दाणे" हा मजकूर. मजकूर बहुतेक ठिकाणी विभाग आपल्या पातळीवर बदलू शकतो. अट बदलायची तर प्रस्ताव वरच्या मंडळांकडे जातो, कारण तिथे पदवीच्या नावाचाच प्रश्न असतो. बैठकीतले निम्मे वाद मजकुराचे असतात. ते बाजूला ठेवा आणि सरळ सांगा, "हे नंतर, आणि दुसऱ्या कागदावर."

आज नेमकं काय लागू आहे, ते शोधा

हे सोपं वाटतं, तसं नसतं. चार कागद गोळा करा : मंजूर नियमावली, प्रवेशाची माहितीपुस्तिका, विभागाच्या संकेतस्थळावरचं पान आणि कार्यालयातला लिपिक पदवी तपासताना शेजारी ठेवतो तो कागद. चौथा कागद सर्वांत महत्त्वाचा, कारण पदवी मिळते ती त्याच्यावरून. आमच्याकडे नियमावलीत क्षेत्रकार्य "चार आठवडे" होतं, पुस्तिकेत "एक हंगाम" आणि लिपिकाच्या कागदावर पेन्सिलीने "२४ दिवस". चार आठवडे म्हणजे २८ दिवस, २४ की २० हे कुणी कधी ठरवलंच नव्हतं. एकवीस दिवस भरलेली मुलगी आली की लिपिक कुणातरी शिक्षकाला विचारायचा. एक शिक्षक "जाऊ दे" म्हणायचा, दुसरा "पुढच्या वर्षी भरून काढ". एकाच अटीखाली दोन मुलांना दोन न्याय मिळत होते.

मग प्रत्येक अट कुठून आली याचा माग काढा. जुनी इतिवृत्तं चाळा, निवृत्त शिक्षकांना फोन करा. अट विचित्र दिसते म्हणून ती निरर्थक असतेच असं नाही. पुष्कळदा विभाग कोणत्या घरात जन्मला याची ती खूण असते. पुरातत्त्वाचं प्राध्यापकपद लायडनला १८१८ मध्ये कास्पर रूवेन्स यांच्यासाठी निर्माण झालं, केंब्रिजला डिझ्नी अध्यासन १८५१ मध्ये. त्या काळी पुरातत्त्व म्हणजे मुख्यतः अभिजात ग्रीस-रोमचा अभ्यास, म्हणून प्राचीन भाषांची सक्ती. अमेरिकेत हा विषय मानववंशशास्त्राच्या छपराखाली वाढला, म्हणून तिथल्या पदव्यांत भाषाविज्ञान आणि जैविक मानवशास्त्र हटकून दिसतं. जर्मनीत अभिजात पुरातत्त्व आणि प्रागैतिहासिक पुरातत्त्व यांचे विभागच बहुधा वेगळे. तुमच्या यादीतला एखादा विषय "हा इथे कसा?" असं वाटायला लावत असेल, तर उत्तर बहुतेक या वंशावळीत सापडेल. अट काढा, खुशाल काढा, पण ती तिथे का होती हे एका ओळीत लिहून मगच.

कुणाला कोणती सूट मिळाली, याचा हिशेब मांडा

माझ्या मते सगळ्या कामातला हा सर्वांत उपयोगी दिवस. गेल्या पाच वर्षांत पदवी मिळालेल्या विद्यार्थ्यांची गुणपत्रकं मागवा, नावं झाकून. एक साधा तक्ता करा. उभ्या रकान्यांत अटी, आडव्या ओळींत विद्यार्थी. प्रत्येक चौकोनात चारपैकी एक खूण : सरळ पूर्ण, पर्यायी विषयाने पूर्ण, सूट, किंवा या अटीपायी एक सत्र लांबलं.

आमच्या तक्त्यात एका सक्तीच्या विषयाच्या रकान्यात "पर्यायी" ही खूण "सरळ"पेक्षा जास्त वेळा होती. अट कागदावर जिवंत, प्रत्यक्षात केव्हाच मेलेली. विभागात कुणालाच हे माहीत नव्हतं, कारण प्रत्येक सूट वेगळ्या वर्षी वेगळ्या माणसाने दिली होती.

एक धोका लक्षात ठेवा. या तक्त्यात फक्त पदवीपर्यंत पोचलेले दिसतात. मध्येच सोडून गेलेले, दुसऱ्या विभागात गेलेले यात नाहीत, आणि अटींचा खरा मार बहुधा त्यांनीच खाल्लेला असतो. त्यांच्यातल्या पाच-सहा जणांशी तरी बोला. "का सोडलं?" असं विचारू नका, ओशाळल्यासारखी उत्तरं मिळतात. "शेवटची नोंदणी करताना कुठे अडलं?" असं विचारा.

यायला काय हवं, ते क्रियापदांत लिहा

आता तो मोहक प्रश्न विचारायला हरकत नाही, पण लगाम लावून. आठ-दहा वाक्यं, त्याहून जास्त नकोत, आणि प्रत्येक वाक्यात डोळ्यांनी तपासता येईल असं काम हवं. "विद्यार्थ्याला स्तरक्रम (मातीच्या थरांचा क्रम) समजतो" हे कसं तपासणार? त्याऐवजी असं लिहा : "समोरच्या छेदाचं (खड्ड्याच्या उभ्या भिंतीचं) मोजून चित्र काढतो, थरांच्या सीमा स्वतः ठरवतो, मातीचा रंग मन्सेल तक्त्यावरून नोंदवतो आणि थरांचा क्रम हॅरिस मॅट्रिक्समध्ये मांडतो." कोणता थर आधीचा आणि कोणता नंतरचा हे चौकोन आणि रेघांनी दाखवणारी ही आकृती एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये बसवली, तेव्हापासून अख्ख्या स्थळाचा कालक्रम एका कागदावर उतरवता येतो. विद्यार्थ्याला ती काढता येते की नाही, हे अर्ध्या तासात कळतं.

कालमापनाचंही तसंच. "कार्बन-१४ पद्धतीची माहिती" हे वाक्य प्रत्येक अभ्यासक्रमात असतं आणि त्यातून काहीच हाती लागत नाही. "प्रयोगशाळेचा अहवाल वाचतो, कॅलिब्रेट केलेली आणि न केलेली तारीख यांतला फरक सांगतो आणि नमुना कोणत्या थरातला, कशाचा, हे विचारतो" हे वाक्य काम करतं. विलर्ड लिबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये ही पद्धत मांडली, १९६० मध्ये लिबींना नोबेल मिळालं, पण कच्ची तारीख कॅलेंडरच्या वर्षांत बदलण्याचे, म्हणजे कॅलिब्रेट करण्याचे, आलेख आजही बदलत असतात. २०२० मध्ये इंटकॅल२० हा आलेख आला. म्हणून अटीत कधीही आलेखाचं, यंत्राचं किंवा संगणकप्रणालीचं नाव घालू नका. नाव जुनं होतं आणि ते बदलायला पुन्हा सगळ्या मंडळांपुढे जावं लागतं.

कोऱ्या कागदावर सुरुवात करायला जमत नसेल तर ब्रिटनच्या क्यूएए या उच्च शिक्षणाचा दर्जा बघणाऱ्या संस्थेने पुरातत्त्व पदवीसाठी केलेलं विषयनिकष निवेदन (पदवीधराकडून काय अपेक्षित आहे ते सांगणारा कागद) वाचा. नक्कल करायला नव्हे, आपण काय विसरलो हे बघायला.

नंतर ही आठ-दहा वाक्यं एका बाजूला आणि सगळे सक्तीचे विषय दुसऱ्या बाजूला मांडा. चौकोनात "ओळख", "सराव" किंवा "कस" यांपैकी एक लिहा. कस म्हणजे तिथे त्या कौशल्याची परीक्षा होते. आमच्याकडे हॅरिस मॅट्रिक्सची ओळख तीन विषयांत होत होती आणि कस एकाही विषयात लागत नव्हता. तीन शिक्षक तीन वर्षं तोच पहिला तास घेत होते. नवा विषय न घालता, एकाही अटीला हात न लावता इथेच मोठी दुरुस्ती झाली. पुष्कळ वेळा अशीच होते, आणि समितीला ते जरा निराशाजनक वाटतं.

श्रेयांकांची थैली केवढी, ते आधी मोजा

पदवीचे एकूण श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, ठरलेले असतात. युरोपीय पद्धतीत वर्षाला ६० श्रेयांक आणि एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तास धरतात. तीन वर्षांच्या पदवीला १८०. तुमच्याकडचा आकडा वेगळा असेल, पण थैली तेवढीच राहते. त्यातून आधी विद्यापीठाचे सर्वांना सक्तीचे विषय वजा होतात, मग शाखेचे. उरलेल्यात तुमचं पुरातत्त्व.

आम्ही एक नियम केला : जो नवी अट सुचवेल, त्यानेच कोणती जुनी अट जाईल हेही सांगायचं. पहिल्या बैठकीत अकरा सूचना होत्या, या नियमानंतर तीन उरल्या.

सगळंच महत्त्वाचं वाटत असेल तर "या यादीतून एक" अशी टोपली करता येते : हाडं, वनस्पती-अवशेष किंवा खापरांचा सूक्ष्मदर्शकाखालचा अभ्यास, यांतलं काहीही एक. प्राचीन अवशेषांकडे प्रयोगशाळेतून बघायची सवय लागणं हा मुद्दा, ती कोणत्या अवशेषांवर लागली हे दुय्यम. पण टोपलीत चार नावं आणि दर वर्षी प्रत्यक्षात शिकवला जातो एकच विषय, असं होत असेल तर तो सक्तीचाच विषय झाला, फक्त पदर ओढलेला.

क्षेत्रकार्य

इथे वेळ द्या. बाकी सगळ्या अटी वर्गात पुऱ्या होतात. ही एकच अट विद्यार्थ्याला घराबाहेर काढते, खर्चात पाडते, उन्हात उभी करते आणि अनोळखी माणसांबरोबर मुक्कामाला ठेवते.

सुरुवात हिशेबापासून करा. चार आठवडे, आठवड्याला सहा दिवस, रोज सात तास : १६८ तास. पंचवीस-तीस तासांना एक श्रेयांक धरला तर साडेपाच ते पावणेसात होतात, म्हणजे सहा द्यायला हवेत. पुष्कळ विभाग तीन देतात, काही शून्य. शून्य श्रेयांकांची सक्ती म्हणजे फुकटची वेठ. संध्याकाळी खापरं धुणं आणि परतल्यावर लिहायचा अहवाल तर यात धरलेलाही नाही.

दुसरा प्रश्न : दिवस मोजायचे की कौशल्य? दिवस मोजायला सोपे, पण अठ्ठावीस दिवस घमेली वाहून आलेला आणि अठ्ठावीस दिवसांत चार छेद काढून आलेला हे दोघे कागदावर सारखेच दिसतात. नुसतं कौशल्य मोजलं तर हुशार मुलगा आठव्या दिवशी परत येतो आणि हंगामाचं काम कसं पालटत जातं, खड्ड्यात पाणी शिरल्यावर काय करतात, हे त्याला कळतच नाही. मी दोन्ही ठेवीन : किमान दिवस आणि एक नोंदवही. नोंदवहीचं पान अगदी साधं असावं. काम, तारीख, पहिल्यांदा बघितलं, मदतीने केलं, स्वतः केलं, देखरेख करणाऱ्याची सही. "छेद चित्र", "थराचं नोंदपत्रक", "टोटल स्टेशनने (अंतर आणि कोन मोजणाऱ्या यंत्राने) बिंदू घेणं", "तरंगवण पद्धतीने (माती पाण्यात ढवळून) दाणे वेगळे करणं", अशा पंधरा-वीस ओळी. ब्रिटनमध्ये अशा कौशल्य-पुस्तिका विद्यार्थी वापरतात. अमेरिकेत व्यावसायिक पुरातत्त्वज्ञांची नोंदणीसंस्था प्रशिक्षण शिबिरांना प्रमाणित करते. तुमच्या भागात अशी व्यवस्था नसेल तर कोणतं शिबिर मान्य आणि कोणतं नाही, याचे निकष विभागालाच लिहावे लागतील.

तिसरा प्रश्न जरा नाजूक आहे. क्षेत्रकार्य म्हणजे उत्खननच का? जुन्या शिक्षकांच्या मनात याचं उत्तर ठरलेलं असतं. पण पदवीधर पुढे काय काम करतात ते बघा. ब्रिटनमध्ये १९९० च्या पीपीजी १६ या नियोजन-मार्गदर्शिकेनंतर आणि युरोपात पुरातत्त्वीय वारशाच्या रक्षणासाठीच्या १९९२ च्या व्हालेट्टा करारानंतर बरंचसं काम बांधकामाआधीच्या तपासणीचं झालं : ठरलेल्या मुदतीत, बांधणाऱ्याच्या खर्चाने, शेवटी अहवाल देऊन. तिथे सर्वेक्षण, भूभौतिक मापन, उभ्या वास्तूंची नोंद आणि मुदतीत लिहिलेला अहवाल यांना खड्ड्याइतकीच किंमत आहे. शिवाय विभागाच्या भांडारात उत्खननातून आलेल्या वस्तूंच्या न उघडलेल्या पेट्या रचून ठेवायच्या आणि मुलांना आणखी नव्या पेट्या भरायला पाठवायचं, याला मी तरी शहाणपण म्हणणार नाही.

चौथा : ज्याला जाता येत नाही त्याचं काय? कुणाला पैशाची अडचण, कुणी घरी आजारी माणसाला सांभाळतं, कुणाला औषध थंड जागी ठेवावं लागतं, कुणाचं शरीर उतारावर तासन्‌तास उकिडवं बसू देत नाही. रेडिंग विद्यापीठाच्या पुढाकाराने अपंगत्व आणि पुरातत्त्वीय क्षेत्रकार्य यांवर एक प्रकल्प झाला होता. त्यातून विद्यार्थ्याने आपली क्षमता स्वतः तपासून बघायचं एक साधन तयार झालं, आणि ते सगळ्यांसाठी होतं, फक्त अपंगांसाठी नव्हे. हे मला फार पटलं. कुणाला काय जमतं हे नजरेने ठरवायचं नसतं.

म्हणून समकक्ष मार्ग अटीतच लिहा : तुकड्यातुकड्यांनी भरलेले दिवस, भांडारातलं वर्गीकरण, जुन्या उत्खननाच्या नोंदी लावणं, उपग्रहचित्रांवरून सर्वेक्षण. तो विभागप्रमुखाच्या मर्जीवर सोडला की विद्यार्थ्याला आपल्या आजाराची कहाणी चार दारांवर सांगत फिरावं लागतं. आणि गुणपत्रकावर दोन्ही मार्गांचं नाव एकच असू द्या.

पाचवी गोष्ट बैठकीत कुणी काढत नाही, तुम्ही काढा. २०१४ मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात क्षेत्रकार्य करणाऱ्या संशोधक-विद्यार्थ्यांचं एक सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. ६६६ जणांनी उत्तरं दिली, आणि त्यांतल्या ६४ टक्के लोकांनी लैंगिक शेरेबाजी किंवा छळ स्वतः अनुभवल्याचं सांगितलं. उत्तरं देणारे स्वेच्छेने आले होते, त्यामुळे हा आकडा सगळ्या शिबिरांना लावता येणार नाही, पण डोळेझाक करण्यासारखा तो नाही. विद्यापीठ जेव्हा एखादी गोष्ट सक्तीची करतं, तेव्हा "नको होतं तर जायचं नव्हतं" हे म्हणायचा हक्क ते गमावतं. मान्य शिबिराच्या निकषांत एवढं तरी हवं : लेखी आचारसंहिता, आणि तक्रार ऐकणारी व्यक्ती शिबिराच्या संचालकाहून वेगळी.

पूर्वअटींची साखळी कागदावर काढा

ओळख, मग क्षेत्रपद्धती, मग संख्याशास्त्र, मग जीआयएस, मग प्रकल्प. बाण काढत जा. पाच कड्या झाल्या आणि पदवीची सत्रं सहा. एक विषय एकदा राहिला की मोकळं सत्र संपलं. त्यात जीआयएस एक वर्षाआड शिकवला जात असेल तर काही मुलांसाठी ही साखळी सहा सत्रांत बसणारच नाही, आणि हे माहितीपुस्तिकेत कुठेही लिहिलेलं नसतं.

आमचं पहिल्या खेपेचं पाप हेच. मृदाशास्त्राचा एक छान विषय आम्ही सक्तीचा केला आणि प्रकल्पाची पूर्वअट म्हणूनही लावला. शिकवणारी व्यक्ती एकच. ती वर्षभराच्या रजेवर गेली आणि अख्खा वर्ग प्रकल्पाच्या दारात उभा राहिला. शेवटी सगळ्यांना सूट द्यावी लागली. पहिल्याच वर्षी सर्वांना सूट मिळालेली ती अट नंतर कुणी गंभीरपणे घेतलीच नाही.

प्रत्येक बाणाला एकच प्रश्न विचारा : आधीचा विषय न केलेला विद्यार्थी पुढच्या विषयात खरंच बुडतो का? बुडत नसेल तर ती शिफारस आहे. तसंच लिहा आणि बाण पुसून टाका.

नीती आणि कायदा

यावर स्वतंत्र विषय हवा की नको, यावर तास जातात. माझं मत : वेगळा विषय नसला तरी चालेल, पण क्षेत्रावर पाऊल ठेवण्याआधी हा भाग झालेला असावा. अवैध व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा १९७० चा करार, मानवी अवशेषांबद्दलचा १९८९ चा व्हर्मिलियन करारनामा, अमेरिकेचा १९९० चा मूलनिवासींच्या दफनांविषयीचा कायदा, आणि त्याबरोबर तुमच्या देशाचा स्वतःचा कायदा. सांगाडा दिसल्यावर हात थांबवायचा आणि कुणाला कळवायचं, हे विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षी कळून उपयोग नाही.

दुसऱ्या विभागांना विचारा, लेखी

संख्याशास्त्र किंवा भूशास्त्र विभागाचा विषय तुमच्या यादीत असेल तर त्यांची संमती कागदावर घ्या : जागा किती, कोणत्या सत्रात, त्यांची स्वतःची पूर्वअट काय. चहावर मिळालेला होकार पुढच्या विभागप्रमुखाला बांधील नसतो.

वाक्य लिहिणं

आमच्या जुन्या नियमावलीतलं वाक्य असं होतं : "विद्यार्थ्याने साधारणपणे तिसऱ्या वर्षापूर्वी क्षेत्रकार्य किंवा प्रयोगशाळेतील काम आणि अहवाल पूर्ण करणे अपेक्षित आहे." आता शोधा यातले सापळे. "साधारणपणे" म्हणजे कधी नाही? अहवाल दोघांनी द्यायचा की फक्त प्रयोगशाळावाल्यांनी? "अपेक्षित" म्हणजे न केल्यास पदवी मिळते की नाही? या एका वाक्यावर आम्ही अनेक वर्षं वाद घातला, आणि प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर होता.

नवं वाक्य रूक्ष आहे : "पदवीसाठी क्षेत्रकार्याचे ६ श्रेयांक आवश्यक आहेत. ते (अ) मान्य शिबिरात किमान २४ दिवस काम करून, अथवा (आ) परिशिष्ट २ मधील समकक्ष मार्गाने मिळवता येतील. दोन्ही मार्गांत नोंदवही व अहवाल सादर करणे आवश्यक आहे. शिबिरात कमी पडलेले दिवस, जास्तीत जास्त पाच, विभागाच्या भांडारात काम करून भरता येतील. तिसऱ्या वर्षाची नोंदणी या अटीमुळे रोखली जाणार नाही."

मसुदा तयार झाला की तो पुरातत्त्वाच्या प्राध्यापकांना दाखवू नका, निदान आधी नको. पाच काल्पनिक विद्यार्थी तयार करा : एक बदली होऊन आलेला, एक सत्र चुकलेली, एक दोन शिबिरांत तुकड्यांनी दिवस भरलेला, एक समकक्ष मार्गाचा, एक सगळं सरळ केलेला. त्यांचे कागद आणि मसुदा लिपिकाला द्या, आणि वेगळा बसवून दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याला द्या. दोघांचे निकाल जुळले नाहीत तिथे वाक्य मोडलेलं आहे.

जुने विद्यार्थी

ज्याने ज्या नियमांखाली प्रवेश घेतला, त्याला ते नियम शेवटपर्यंत लागू. हा पाया. नव्या नियमांत यायचं असेल तर येऊ द्या, पण पूर्ण : अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या अटी निवडायची मुभा दिलीत तर कार्यालयात प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नियमावली तयार होईल. बंद होणाऱ्या प्रत्येक विषयापुढे त्याच्या जागी काय चालेल, याचा समकक्षता तक्ता जोडा आणि जुना विषय शेवटचा कधी शिकवला जाईल तेही लिहा. हमखास विसरला जातो तो खंड पडलेला विद्यार्थी. आजारपणामुळे दोन वर्षं घरी राहून परत आलेल्या मुलाला जुने नियम की नवे, याचं उत्तर तो दारात उभा राहण्याआधी लिहिलेलं असावं.

मंजुरी

विभाग, मग अभ्यास मंडळ, मग विद्या परिषद. नावं जागोजागी वेगळी, पायऱ्या साधारण अशाच. ज्या प्रवेशापासून नवे नियम लागू करायचे त्याची माहितीपुस्तिका कधी छापायला जाते ते विचारा आणि तिथून मागे मोजत या. मंडळाची एक बैठक चुकली की बहुधा पूर्ण वर्ष जातं. वरच्या मंडळांना पुरातत्त्व कळत नाही आणि कळायची गरजही नाही. त्यांना दोन पानं हवी असतात : डावीकडे जुनी अट, उजवीकडे नवी, खाली कारण, शिकवायला माणसं आहेत का, खर्च वाढतो का, जुन्या विद्यार्थ्यांचं काय. तुमची आठ-दहा वाक्यं आणि कुणाला कोणती सूट मिळाली तो तक्ता परिशिष्टात. तो तक्ताच बाजू लढवतो, हा माझा अनुभव.

मंजुरीनंतर पदवी तपासणाऱ्या संगणकप्रणालीत नवी अट कुणी घातली ते स्वतः बघा, संकेतस्थळावरच्या जुन्या पीडीएफ उतरवा आणि लिपिकाच्या त्या पेन्सिलीच्या कागदाची जागा नव्या कागदाने घ्या. तीन वर्षांनी फेरतपासणीची तारीख नियमातच टाका. प्रत्येक अटीमागचं कारण एकेका ओळीत लिहिलेली फाइल विभागात ठेवा, म्हणजे पुढच्या समितीला निवृत्तांना फोन करावे लागणार नाहीत.

आणि नव्या नियमांखाली पहिली तुकडी पदवीचे अर्ज भरायला येईल त्या दिवशी तासभर कार्यालयाच्या खिडकीजवळ बसा. मी बसलो होतो. पहिलाच मुलगा आला आणि म्हणाला, "सर, माझे तेवीस दिवस झालेत. चालतील?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात लिपिकाने कागद त्याच्याकडे फिरवून चौथ्या ओळीवर बोट ठेवलं, "उद्या दहाला भांडारात ये," म्हणाला आणि पुढच्याला हाक मारली.